सहा विरुद्ध पाच

नागाव, १५ जानेवारी १९६१

शाळेतून निवृत्त झालो तेव्हा रोज दैनंदिनी लिहायचं ठरवलं होतं. पण वाडीत रोज काही घडत नाही. माड उभे असतात, पोफळी उभ्या असतात, रहाट फिरत असतो. सात महिन्यांत वहीची चार पानंही भरली नाहीत. आज मात्र लिहिण्यासारखं घडलं.

आज दुपारी वाचनालयाच्या मागच्या खोलीत आमच्या जागतिक शांतता अभ्यास मंडळाची सभा झाली. अकराही सभासद हजर होते, हे तीन वर्षांत प्रथमच. मी ठराव मांडला : 'आफ्रिकेतील काँगो देशात माजलेली यादवी थांबवण्यासाठी भारताने आपली सेना संयुक्त राष्ट्रांच्या हाती द्यावी. जगाच्या भांडणापासून दूर राहणे म्हणजे शांतता नव्हे.'

शेजारच्या वाडीचा मोरू नाईक विरोधाला उभा राहिला. म्हणाला, "मास्तर, उत्तरेला चीन आपल्या हद्दीत रस्ता करून बसलाय. आपल्या कुंपणाला भगदाड आणि आपण निघालो परक्याच्या वाडीत राखणीला?"

मी म्हटलं, "मोरू, वणवा कुंपण बघून थांबत नाही."

"वणव्यात आपणहून उडीही कुणी घेत नाही."

मग मी दादाची गोष्ट सांगितली. एरवी सांगत नाही. मी अकरा वर्षांचा असताना दादा साहेबाच्या लढाईत बसऱ्याला गेला आणि तिकडेच मेला. कशासाठी, ते त्यालाही माहीत नव्हतं. सगळ्या देशांची मिळून एकच सेना असती, फक्त लढाया थांबवण्यासाठी, तर दादा आज म्हातारा होऊन इथे बसला असता. 

मतं पाच-पाच पडली. अध्यक्ष म्हणून निर्णायक मत माझं. ठराव सहा विरुद्ध पाच मतांनी मंजूर झाला.

१६ जानेवारी

सकाळी अलिबागला जाऊन दिल्लीला तार केली. घरी आल्यावर श्यामलेने विचारलं, "सेना म्हणजे कोण हो?"

"सेना म्हणजे देशाची सेना."

"आपला शिवा त्यातच ना?"

मी तिला समजावलं की हा तत्त्वाचा प्रश्न आहे. आमचा मुलगा शिवदास नगरला लष्कराचा ट्रक चालवतो, त्याचा इथे संबंध नाही. ती भाजी चिरत राहिली. तिला तत्त्वाचं बोलणं कळत नाही असं नाही, पण ती प्रत्येक गोष्टीत घरातलं माणूस शोधते.

५ मार्च

सरकारने निर्णय घेतला! आपली पलटण काँगोला जाणार. वर्तमानपत्र हातात घेऊन मी भर उन्हात मोरूच्या वाडीत गेलो. आमच्या तारेने हे घडलं असं म्हणण्याइतका मी खुळा नाही. पण अशा शेकडो तारा गेल्या असतील, त्यात एक नागावची.

मोरू नारळ सोलत होता. म्हणाला, "जिंकलात मास्तर. आता पोरं सुखरूप येवोत."

दुपारच्या टपालाने शिवदासचं पत्र आलं. 'ड्रायव्हर कमी पडतात म्हणून आमच्याकडून नावं मागवली आहेत. सक्ती नाही. दहा तारखेपर्यंत सांगायचं आहे. एप्रिलमध्ये माझी रजा आहे, विहिरीवर इंजिन बसवायचं मनात होतं. तुमचं मत कळवावं.'

मी लगेच उत्तर लिहायला बसलो. आठ पानं झाली. मत असं मी दिलंच नाही, तो सव्वीस वर्षांचा आहे, त्याने स्वतः ठरवावं. मी फक्त दोन्ही बाजू मांडल्या. शेवटी एवढंच लिहिलं की जो बाप सभेत स्वतःचा हात वर करतो आणि घरात मुलाचा हात धरून ठेवतो, त्याला सभेत बसायचा अधिकार नाही.

वाक्य चांगलं उतरलं. पत्र आजच्याच टपालात गेलं.

६ मार्च

श्यामलेने शिवदासला एक कार्ड लिहिलं आणि टाकायला माझ्याकडे दिलं. कार्ड उघडंच असतं, त्यामुळे वाचलं गेलं. वर कालची तारीख, खाली एवढंच : 'रजा घेऊन घरी ये. इंजिन बसवू. आई.'

एका बाजूला आठ पानांचा विचार आणि दुसऱ्या बाजूला ही एक ओळ. दोन्ही एकदम पोचली तर पोराचं मन द्विधा होईल. माझं पत्र आधी पोचू दे, त्याने शांतपणे विचार करू दे, मग आईची माया वाचायला हरकत नाही. कार्ड कोटाच्या खिशात ठेवलं आहे.

१० मार्च

कार्ड आज टाकलं. राहूनच गेलं होतं.

१६ मार्च

शिवदासने नाव दिलं. मंडळात पत्र वाचून दाखवलं तेव्हा टाळ्या पडल्या. श्यामला दोन दिवस जेवली नाही असं दिसतं. दिसतं म्हणतो, कारण मला वाढून ती आत जाते.

२ एप्रिल

मुंबईला जाऊन शिवदासला निरोप देऊन आलो. रेवसला लाँचमध्ये चढताना जनी कोळीण भेटली. रेवदंड्याची ही बाई वीस वर्षं आमच्या दारात मासळी घेऊन येते. तिने सुक्या जवळ्याची पुडी श्यामलेच्या हातात कोंबली. "पोराला दे गो. तिकरं मासली गावते का न्हाय, कुनाला ठावं?" मग मला विचारलं, "मास्तर, त्यो काँगो किती लांब हाय? आमच्या होड्या जातील काय?"

मी म्हटलं, "होडी नाही जाणार. पण तिथली माणसं आपल्यासारखीच आहेत, जनी."

"मंग आपसात कशाला मरतान?"

गोदीच्या फाटकाशी अर्धा तास मिळाला. शिवदासच्या डोक्यावर संयुक्त राष्ट्रांची निळी टोपी होती. मला भरून आलं. जगातल्या कुठल्याच राजाची नाही अशी ती टोपी. मी त्याला म्हटलं, "दादा हे बघायला हवा होता." तो हसला. आईच्या पाया पडताना तो तिला काहीतरी म्हणाला, मला ऐकू आलं नाही. ती नुसती मान हलवत होती.

१९ सप्टेंबर

रेडिओवर बातमी आली की संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस काँगोत समेटासाठी जात असताना विमान कोसळून गेले. मंडळाने दोन मिनिटं उभं राहून श्रद्धांजली वाहिली. घरी येऊन सांगितलं तर श्यामला म्हणाली, "त्यांच्या घरी कुणी कळवलं असेल?"

शिवदासची पत्रं येतात. आईला एक, मला एक. मला लिहिलेल्या पत्रात हवा, पाऊस, रस्ते. मी त्याला तिथल्या लोकांची राजकीय मतं विचारली होती, त्याचं उत्तर नाही.

२० डिसेंबर

कटांगा प्रांतात घनघोर लढाई चालू आहे. आपले जवान पडले. मंडळात एकाने विचारलं की शांतिसेना तोफा कशाला डागते? मी तासभर समजावलं. शस्त्रक्रियेतही रक्त येतं, हे उदाहरण दिलं. आज सहाच जण आले होते.

नकाशावर मी रोज टाचणी लावतो. श्यामला त्या भिंतीकडे बघत नाही.

१४ एप्रिल १९६२

शिवदास आला! तिकडे कावीळ झाली म्हणून त्याला मायदेशी पाठवलं. दीड महिन्याची रजा आहे. गालफडं बसली आहेत, पण हातीपायी धड आहे, देवाची कृपा.

एक नवल वाटलं. अलिबागहून तो एस.टी.ने आला नाही. ट्रंक गाडीच्या टपावर टाकून पाठवली आणि स्वतः भर उन्हात चालत आला. म्हणाला, "पाय मोकळे करायचे होते."

२१ एप्रिल

सात दिवसांत त्याने विहिरीवरच्या इंजिनाचा विषय काढला नाही. मीच काढला, तर म्हणाला, "रहाट बरा आहे. आवाज करत नाही."

मी त्याचं व्याख्यान ठरवलं होतं, 'काँगोत मी काय पाहिले'. मोरूने स्वतः अध्यक्ष व्हायचं कबूल केलं, हा त्याचा मोठेपणा. पण शिवदास नाही म्हणाला. मी म्हटलं, "अरे, गावातला पहिला माणूस तू जगाच्या कामाला गेलेला. लोकांना कळायला नको?"

"बाबा, मला बोलता येत नाही."

"मी लिहून देतो."

त्याने माझ्याकडे बघितलं आणि उठून वाडीत गेला.

२५ एप्रिल

आज जे घडलं ते घडलं तसं लिहितो.

सकाळी जनी टोपली घेऊन रस्ता ओलांडत होती. तेवढ्यात रेवदंड्याची एस.टी. वळणावर आली. ड्रायव्हरने ब्रेक दाबला, गाडी जागीच थांबली, जनीला काही झालं नाही. जनीने त्याला चार शिव्या घातल्या आणि हसत हसत आमच्या फाटकात आली. पण ओट्यावर बसलेला शिवदास दोन्ही हातांनी डोकं झाकून खाली बसला होता. जनी टोपली टाकून धावली. "क रं झाला बाला? मी हाय ना. ही बग, मी हाय!" ती त्याला हात लावू देत होती, आपल्या खांद्याला, आपल्या तोंडाला, लहान मुलाला देतात तसा.

दुपारी श्यामला मागच्या दारी सुपारी फोडत बसली होती आणि तो तिच्यासमोर. मी माजघरात आडवा झालो होतो. त्यांना वाटलं मला झोप लागली.

तो सांगत होता, "गाडीत चार जखमी होते, आई. दोन्ही बाजूंनी गोळ्या येत होत्या. थांबलो असतो तर सगळेच गेलो असतो. समोरून एक बाई आली. पाठीला पोर बांधलेलं, डोक्यावर गाठोडं. तिने हात वर केला, थांब म्हणून."

"मग?"

"थांबलो नाही."

अडकित्त्याचा आवाज बंद झाला.

"सगळे गाड्या बघून झाडीत पळायचे. ती पळाली नाही. माझी टोपी निळी होती ना, म्हणून ती पळाली नाही."

श्यामला म्हणाली, "तू कशाला गेलास रे? मी ये म्हणून लिहिलं होतं."

"तुझं कार्ड नाव दिल्यावर मिळालं. बाबांचं पत्र आलं होतं, तुझं काहीच नाही. मला वाटलं, तुझंही तेच म्हणणं असेल."

"मी पाच तारखेला लिहिलं."

"शिक्का दहाचा होता."

 थोड्या वेळाने अडकित्ता पुन्हा सुरू झाला.

गाडीचा वेग किती होता, बाई किती अंतरावर होती, हे त्याने सांगितलं नाही. दोष कुणाचा हे ठरवायचं तर ते कळायला हवं. विचारीन कधीतरी. गोळीबारात माणसाचा इलाज नसतो, हे तर उघड आहे.

२६ एप्रिल

श्यामला मला काहीच बोलली नाही. मी तयारी करून बसलो होतो. माझं म्हणणं मी नीट सांगू शकलो असतो.

संध्याकाळी तिने माहेरी लिहिलेलं एक पत्र मी टाकायला उचललं. तिने ते माझ्या हातातून काढून घेतलं. "आजपासून माझी पत्रं मी टाकीन." पायात वहाणा सरकवल्या आणि एकटी टपालपेटीपर्यंत जाऊन आली.

२४ ऑक्टोबर १९६२

आज संयुक्त राष्ट्र दिन. दोन महिन्यांपूर्वी कार्यक्रम ठरवला होता. गेल्या शनिवारी चीनने सरहद्दीवर हल्ला केला. रोज एकेक ठाणं पडतं आहे. तरी मी सभा रद्द केली नाही. माझ्यासह सात जण जमले. कुणाच्या घरी दिवाळीची गडबड नाही.

माझं भाषण लिहून तयार होतं. मोरू उभा राहिला आणि म्हणाला, "मास्तर, भाषण राहू द्या. माझा ठराव आहे. मिळतील त्या देशाकडून बंदुका, विमानं घ्यावीत. त्यासाठी कुणाच्या गटात जावं लागलं तरी जावं. आणि काँगोतली आपली पलटण आधी घरी आणावी."

आयुष्यभर मी या दोन्ही गोष्टींच्या विरुद्ध बोललो. कुणाचा गट नको आणि जगाकडे पाठही नको. ते सगळं सांगायला मी उभा राहिलो. खिशात शिवदासचं सकाळीच आलेलं पत्र होतं, आईच्या नावचं, तिने मला वाचायला दिलेलं : 'आम्ही आसामात आलो आहोत. उद्यापासून डोंगरात सामान वाहायचं. रस्ता अरुंद आहे. या वेळी कुणी मत विचारलं नाही, ते बरं झालं.'

मी खाली बसलो. ठराव मताला टाकला तेव्हा मी हात वर केला. सात विरुद्ध शून्य. इतिवृत्त मीच लिहिलं.

बाहेर पडल्यावर मोरू माझ्याबरोबर फाटकापर्यंत आला. म्हणाला, "मास्तर, माझं खरं ठरावं असं मला कधी वाटलं नव्हतं."

मी विचारलं, "कुठली मदत वेळेवर येईल का रे?"

त्याने माझ्यासाठी फाटक उघडलं आणि आपल्या वाडीकडे वळला.

२२ नोव्हेंबर

चीनने आपणहून लढाई थांबवली. याच आठवड्यात शिवदास होता त्या बाजूचं बोमडिला ठाणं पडलं. लोक सुटलो म्हणतात. मंडळाच्या पाटीवर नागरी संरक्षण समितीचं नाव रंगवलं. मला विचारलं होतं. मी हरकत घेतली नाही.

पत्र नाही.

८ डिसेंबर

पत्र नाही. श्यामला रोज टपालाच्या वेळी फाटकाशी उभी असते. टपालवाला आता लांबूनच मान हलवतो, म्हणजे तिला थांबावं लागू नये.

११ जानेवारी १९६३

सरकारी पत्र आलं. शिवदास १९ नोव्हेंबरपासून बेपत्ता.

बेपत्ता म्हणजे मेलेला नव्हे. कैदी झाला असेल. कैद्यांच्या याद्या यायच्या आहेत. मी तीन ठिकाणी पत्रं लिहिली. जगात यासाठीही संस्था आहेत, आणि त्यांचं काम चोख असतं. श्यामलेला हे सांगितलं. तिने ऐकून घेतलं.

१९ फेब्रुवारी

शिवदासच्या बरोबरचा एक ड्रायव्हर, साताऱ्याकडचा, इस्पितळातून सुटला. त्याचं पत्र आलं. माघारीच्या वेळी पंधरा गाड्या खाली उतरत होत्या. शत्रू वरच्या डोंगरावर आला होता. कुठेही थांबू नका, असा हुकूम होता. रस्त्यावरून डोंगरातली माणसं चालली होती, बायामुलं, पाठीला गाठोडी. शिवदासची गाडी सगळ्यात शेवटची. एका वळणावर म्हातारी हात करून उभी होती. पुढच्या सगळ्या गाड्या निघून आल्या. पत्र लिहिणाऱ्याने आरशात पाहिलं तर शिवदासची गाडी थांबलेली, आणि तो खाली उतरून कुणाला तरी उचलून वर चढवत होता. मग वळण आलं. कैद्यांत तो नाही, असं परत आलेले सांगतात.

मला हे समजत नाही. इतका शिस्तीचा मुलगा. थांबू नये असा स्पष्ट हुकूम असताना तो का थांबला? गाडी चालू होती, रस्ता मोकळा होता, आणखी दोन वळणं आणि तो सुटला होता. पत्र चार वेळा वाचलं, कारण कुठे लिहिलेलं नाही.

श्यामलेने ते एकदाच वाचलं. घडी घालून छातीशी धरून बसली. मी विचारलं, "का थांबला असेल गं?" तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी परमुलखातला कुणी माणूस, भाषा न कळणारा.

३ मार्च

समितीची माणसं आली होती. वीरपित्याचा सत्कार करायचा आहे. मी काही बोललो नाही, म्हणून त्यांनी होकार समजून तारीख ठरवली.

ती गेल्यावर जनी आली. आज टोपली नव्हती. श्यामलेजवळ भुईवर बसली. तिचा हात हातात घेऊन म्हणाली, "लोकं काय बी बोलतील गो. आमच्यात दर्यात गेलेल्याची बारा वरसं वाट बगतान. तवर त्यो गेला असं म्हनायचा न्हाय."

 श्यामला मला म्हणाली, "बारा वर्षं म्हणजे कधी?" कित्येक दिवसांनी ती माझ्याशी आपणहून बोलली.

मी बोटांवर मोजलं. "चौऱ्याहत्तरचा नोव्हेंबर." तेव्हा मी एकोणसत्तरचा असेन, ती बासष्टची.

"आपण वाट पाहू," मी म्हणालो.

"मी बघीन," ती म्हणाली, आणि पोफळींकडे पाण्याचा पाट फिरवायला गेली.